तहकुबी, माफी आणि गावातले घर

१८१८ साली खानदेश कंपनी सरकारच्या अमलाखाली आला आणि पुढच्याच वर्षी कॅप्टन जॉन ब्रिग्ज या अधिकाऱ्याने, पांझरेचे पात्र आणि पाटाचे पाणी यांच्यामध्ये बागायतीने वेढलेल्या एका लहानशा गावाला जिल्ह्याचे ठाणे बनविण्याचा संकल्प केला, तेव्हा त्या धुळ्याची वस्ती अवघी २५०९ माणसांची होती आणि घरे होती ४०१. याच गावाने १८०३ च्या दुष्काळात आपली सारी माणसे गमावून ओसाड पडण्याचा अनुभव घेतलेला होता. म्हणून नुसती कचेरी बांधून शहर वसत नाही, त्यासाठी गृहस्थाला पाय रोवण्याचे काही निमित्त द्यावे लागते, हे ब्रिग्जने ओळखले. घरबांधणीच्या जागा त्याने कायमच्या बिनभाड्याने दिल्या, आणि जुन्या रहिवाशांना तसेच परगावाहून येणाऱ्यांनाही पक्की घरे उभारण्याकरिता आगाऊ रकमा दिल्या. सरकारने येथे आपला वसुलीचा हक्क सोडला खरा. परंतु तो दान म्हणून सोडला नाही, तर घर उभे राहावे, आणि तेही याच गावात उभे राहावे, या बोलीवर सोडला.

दोनशे वर्षांपूर्वीचा हा करार आज आठवण्याचे कारण असे की घर भाड्याने देऊन त्यावर म्हातारपणाची बेगमी करणाऱ्या जळगाव-धुळ्याच्या मध्यमवर्गीय मिळकतदाराशी आयकराचा कायदा जो व्यवहार करतो, तोही मुळात याच जातीचा करार आहे. सरकार म्हणते की तुझा नफा मला दिसतो आहे, त्यावरचा कर मी आज मागत नाही, तू त्या पैशाचे पुन्हा घर कर. हा करार समजून न घेतल्यामुळे आपल्याकडे दोन प्रकारची माणसे आढळतात. पहिला वर्ग कर वाचविणे म्हणजे काहीतरी लपविणे असे समजून भितो आणि जो कर त्याला कायद्यानेच आज द्यावा लागत नाही तो निमूटपणे भरून मोकळा होतो. दुसरा वर्ग खरोखरच लपवितो. दोघांचेही नुकसान होते, आणि त्यांच्यामागे शहराचेही होते.

जुन्या जमीनमहसुलाच्या दफ्तरात दोन शब्द फार काटेकोरपणे वेगळे ठेवलेले असत: तहकुबी आणि माफी. पीक बुडाले म्हणजे आणेवारी पाहून सारा तहकूब होई, म्हणजे तो पुढे ढकलला जाई, पण खातेदाराच्या नावावर उभा राही; माफी झाली म्हणजे तो कायमचा सुटे. खानदेशातील शेतकऱ्याच्या घरी हा भेद कोणाला समजावून सांगावा लागत नसे, कारण तहकुबीचे वर्ष सरले की तलाठी पुन्हा दारात येई. शहरातील घरमालकाने आपल्या करसल्लागाराला पहिला प्रश्न विचारावा तो हाच की, मला मिळते आहे ती तहकुबी की माफी?

अमेरिकेत १९२१ सालापासून चालत आलेली एक पद्धत शुद्ध तहकुबीची आहे. भाड्याची एक इमारत विकून दुसरी घेणाऱ्याने ४५ दिवसांत नवी मिळकत नमूद केली आणि १८० दिवसांत व्यवहार पुरा केला, तर नफ्यावरचा कर पुढे सरकतो, जुनी खरेदी किंमतच नव्या इमारतीला चिकटून राहते, आणि असे करीत करीत मालक मरण पावला तर वारसाच्या हाती ती मिळकत मृत्युदिनाच्या बाजारभावाने येते, म्हणजे आयुष्यभराची तहकुबी चितेबरोबर माफीत विरून जाते. आपल्याकडे नेमके उलट आहे. आपल्या कायद्यात वडिलोपार्जित घर वारसाकडे आले, किंवा बक्षीसपत्राने वा मृत्युपत्राने आले, तर त्या वेळी कर लागत नाही; मृत्युकरही १९८५ सालीच रद्द झालेला आहे. परंतु घराची खरेदी किंमत म्हणून वडिलांनी दिलेली किंमतच मुलाच्या माथी येते. फार तर, मिळकत १ एप्रिल २००१ पूर्वीची असेल तर त्या दिवशीचे मूल्य धरण्याची मुभा आहे, आणि तेही त्या वेळच्या मुद्रांक मूल्यांकनापेक्षा अधिक धरता येत नाही. म्हणजे वारसाहक्काने आलेल्या घरावर एक न दिसणारा बोजा असतो, जो मिळकत पत्रिकेच्या इतर भारांच्या रकान्यात कधी लिहिला जात नाही, पण ज्या दिवशी घर विकले जाते त्या दिवशी उघड होतो.

परंतु निवासी घराच्या बाबतीत आपला कायदा अमेरिकेपेक्षा उदार आहे, आणि ही गोष्ट पुरेशी कोणी सांगत नाही. कलम ५४ प्रमाणे दोन वर्षांहून अधिक काळ ताब्यात असलेले निवासी घर विकून, विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत दुसरे घर विकत घेतले, अथवा तीन वर्षांत बांधले, तर गुंतविलेल्या नफ्यावर कर लागत नाही. आणि ते नवे घर तीन वर्षे विकले नाही म्हणजे ही तहकुबी आपोआप माफीत परिणत होते. (१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा २०२५ चा नवा कायदा घेत असल्यामुळे कलमांचे आकडे बदलतात, मी येथे लोकांच्या तोंडी रुळलेले जुने आकडेच वापरतो.) पुष्कळांचा समज असा की ही सवलत केवळ स्वतः राहत असलेल्या घराला आहे. तो चुकीचा आहे. विकलेले घर भाड्याने दिलेले असले तरी चालते, नवे घर भाड्याने दिले तरी चालते, आणि मालकाजवळ आणखी किती घरे आहेत हे या कलमात पाहिले जात नाही. २०१९ पासून तर, नफा दोन कोटींच्या आत असेल तर, आयुष्यात एकदा एका घराच्या बदल्यात दोन घरे घेण्याचीही परवानगी आहे. दोन मुलांत एका वाड्याची वाटणी कशी करावी या चिंतेने झोप उडालेल्या आईबापांसाठी ही तरतूद किती मोलाची आहे, हे ज्यांनी वाटणीपत्रावरून तुटलेली भावंडे पाहिली आहेत त्यांना वेगळे सांगावयास नको.

दुकानाची गोष्ट निराळी. जळगावच्या नव्या पेठेतील गाळा विकणाऱ्याला कलम ५४ उपयोगी पडत नाही. त्याला ५४ एफ चा आधार घ्यावा लागतो, आणि तेथे नुसता नफा नव्हे तर विक्रीची संपूर्ण निव्वळ रक्कम घरात घालावी लागते, शिवाय विक्रीच्या दिवशी त्याच्या नावावर एकाहून अधिक घरे असता कामा नयेत. सोने विकून घर घेणाऱ्यालाही हेच कलम लागू. सुवर्णपेठ म्हणून ज्या शहराचा लौकिक आहे तेथे मुलीच्या लग्नानंतर उरलेले आजीचे दागिने मोडून फ्लॅटची भर घालणारी कुटुंबे कमी नाहीत, आणि त्यांतील कित्येकांना त्या दागिन्यांच्या नफ्यावर अशी सवलत आहे याचा पत्ताच नसतो.

आता जी तरतूद शब्दशः तहकुबी म्हणावी अशी आहे, आणि जुन्या धुळ्याला व जुन्या जळगावला जिची सर्वांत अधिक गरज आहे, तिच्याकडे वळतो. धुळ्याच्या आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्यांतून चालत गेलो म्हणजे दोन्ही बाजूंनी असे वाडे दिसतात, ज्यांचे माळवद खचलेले आहे, मागच्या चौकात दोन जुने भाडेकरू नाममात्र भाड्याने तग धरून आहेत, पुढच्या ओट्यावर कुलूप आहे आणि मालकांची तिसरी पिढी तीन शहरांत विखुरलेली आहे. असा वाडा बिल्डरला विकसनासाठी दिला म्हणजे पूर्वी मोठा पेच पडे: करारनामा होऊन जागेचा कब्जा दिला की कर आकारणी होई, आणि मालकाच्या हाती त्या वेळी रोख रक्कम नसे, नवे घरही नसे, केवळ एक नकाशा असे. २०१७ च्या वित्त अधिनियमाने कलम ४५ (५ अ) आणून हा अन्याय दूर केला. व्यक्ती किंवा एकत्र हिंदू कुटुंब यांनी नोंदणीकृत करारनाम्याने जागा विकसनास दिली असेल, तर कर त्या वर्षी नव्हे, सक्षम अधिकाऱ्याने इमारतीच्या पूर्णत्वाचा दाखला दिला त्या वर्षी लागतो. आणि मालकाच्या वाट्याला आलेल्या सदनिकांचे त्या दिवशीचे मुद्रांक मूल्य व मिळालेली रोख यांची बेरीज हाच विक्रीचा मोबदला धरला जातो. दाखल्यापूर्वी आपला वाटा विकून टाकणाऱ्याला मात्र ही मुदत मिळत नाही.

या तरतुदीची सारी भिस्त दोन कागदांवर आहे, नोंदणीकृत करारनामा आणि पूर्णत्वाचा दाखला, आणि नेमके हेच दोन कागद आपल्या शहरांत सर्वांत अधिक हेळसांडीत पडलेले असतात. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर नोटरीसमोर केलेला लेख हाच करारनामा समजला जातो. इमारत उभी राहते, माणसे राहावयास जातात, पाण्याची जोडणी मिळते, घरपट्टी सुरू होते आणि पूर्णत्वाचा दाखला मात्र कोणी मागत नाही व कोणी देत नाही. अशा मालकाची तहकुबी कधी संपते? कायद्याच्या अक्षरावर बोट ठेवले तर पहिल्याच अटीला तो उतरलेला नसतो, आणि मग जुना पेच त्याच्या वारसांच्या गळ्यात पडतो. दोन्ही महानगरपालिकांनी जुन्या पेठांतील पुनर्बांधणीला पूर्णत्वाचा दाखला ठराविक मुदतीत देण्याचे मनावर घेतले, तर कराचा एक पैसाही न सोडता त्या कित्येक कुटुंबांवर उपकार करतील.

कागदांचा विषय निघालाच आहे तर एक खंत मनमोकळेपणाने सांगतो. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून, माळ्यावर आणि अडगळीत सडणारे दस्तऐवज गोळा केले, १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच देह ठेवला, आणि त्यांच्या नावाने उभे राहिलेले संशोधन मंडळ त्याच शहरात त्या दफ्तरांची जपणूक करीत आले. त्या शहरात घर विकावयास निघालेल्या माणसाला वडिलांचे खरेदीखत सापडत नाही, मजला चढविला त्या वर्षीची गवंड्याची आणि सिमेंटची बिले सापडत नाहीत, नगरपालिकेच्या पावत्या सापडत नाहीत, हे मला फार लागते. ज्या खर्चाचा पुरावा नाही तो खर्च आकारणी अधिकाऱ्यापुढे झालेलाच नसतो. घराची किंमत कागदावर लहान होते आणि नफा नको तितका फुगतो. भाड्याच्या उत्पन्नाचेही तसेच. प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी वजा जाते, उरलेल्यातून दुरुस्तीपोटी सरसकट ३० टक्के वजा जातात, कर्जाचे व्याज वजा जाते. पण घरपट्टी त्याच वर्षी मालकाने भरलेली असावी लागते, थकवून ठेवलेली चालत नाही. महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे अकरा महिन्यांच्या परवान्याचा करारही लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि तो नसल्याची फळे भाडेकरूपेक्षा मालकालाच अधिक भोगावी लागतात.

लपविणाऱ्यांविषयी थोडेच लिहितो, कारण तो मार्ग सर्वांना ठाऊक आहे. खरेदीखतात रेडी रेकनरइतकी रक्कम घालावयाची आणि वरची रोख घ्यावयाची, या रिवाजात आपण सुज्ञपणा करतो अशी विकणाऱ्याची समजूत असते. पण जी रोख खरेदीखतात नाही ती कलम ५४ च्या नव्या घरात दाखविता येत नाही, कर वाचविणाऱ्या रोख्यांत घालता येत नाही, कोणतीही तहकुबी तिला मिळत नाही. आणि ज्याने ती दिली त्याची खरेदी किंमत कायमची कमी राहिल्यामुळे तो पुढे विकावयास निघाला की त्याच्यावर कराचा भार वाढतो. जी माफी राजमार्गाने मिळत होती तिच्यासाठी माणूस आडवाटेने जातो आणि आयुष्यभर मागे वळून पाहत राहतो.

रोख्यांविषयी मात्र हिशेब नव्याने मांडला पाहिजे. जमीन किंवा इमारत विकल्यापासून सहा महिन्यांत रस्ते, वीज, रेल्वे अशा सार्वजनिक कामांच्या अधिसूचित संस्थांच्या रोख्यांत ५० लाखांपर्यंत नफा गुंतविता येतो, आणि पाच वर्षे तो तेथे ठेवला म्हणजे कर सुटतो. आपल्या दोन जिल्ह्यांतील बहुतेक घरांना ही मर्यादा पुरेशी आहे. पण अलीकडच्या वर्षांत या रोख्यांवर व्याज मिळत आले आहे ते सव्वापाच टक्के, आणि ते करपात्र. ५० लाखांच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर आणि त्यावरचा उपकर मिळून साडेसहा लाख वाचतात. उलट बँकेच्या ठेवीवर सात टक्के धरले तर पाच वर्षांत सुमारे ४ लाख ३७ हजारांचे व्याज बुडते. कराचा दर २० टक्के होता तेव्हा या रोख्यांची जी थोरवी होती ती आज राहिलेली नाही, ही गोष्ट निवृत्त माणसाला कोणीतरी स्पष्ट सांगितली पाहिजे. तसेच १२ लाखांपर्यंत कर नाही या घोषणेवर विसंबून घर विकणाऱ्यालाही सांगितले पाहिजे की ती सूट अशा भांडवली नफ्याला लागू नाही.

आता माझ्या तक्रारीकडे येतो. २३ जुलै २०२४ पासून सरकारने भांडवली नफ्यावरील दर २० वरून साडेबारा टक्क्यांवर आणला आणि त्याच्या बदल्यात महागाई निर्देशांकाने खरेदी किंमत वाढवून धरण्याची जुनी रीत काढून घेतली. लोकक्षोभ झाल्यावर त्या तारखेपूर्वी घेतलेल्या जमिनी व इमारतींसाठी, निवासी व्यक्ती आणि एकत्र कुटुंबे यांना, दोहोंपैकी जो कर कमी तो भरण्याचा विकल्प देण्यात आला; परदेशी स्थायिक झालेल्या मुलांना तो नाही. समजा धुळ्याच्या देवपुरात २००५-०६ साली १० लाखांना घेतलेले घर २०२५-२६ मध्ये ४५ लाखांना विकले. निर्देशांक ११७ वरून ३७६ वर गेला असल्यामुळे जुन्या रीतीने किंमत ३२ लाख १४ हजार धरली जाते आणि कर सुमारे २ लाख ५७ हजार होतो. नव्या रीतीने तो ४ लाख ३७ हजार ५०० होतो. तेच १० लाखांचे घर पुण्याच्या एखाद्या वाढत्या उपनगरात ९० लाखांना गेले असते, तर जुन्या रीतीने सुमारे साडेअकरा लाख आणि नव्या रीतीने १० लाख कर पडला असता. हिशेब करून पाहिला तर या वीस वर्षांत ज्या घराची किंमत जवळजवळ सातपट झाली त्यालाच नवी रीत लाभते. म्हणजे ज्या शहरात भाव धावले त्याला सवलत, आणि ज्या शहरात भाव बैलगाडीच्या गतीने चालले त्याच्यावर भार.

जुन्या घरांना निदान विकल्प आहे. त्या तारखेनंतर घेतलेल्या घराला तोही नाही. आज ३० लाखांना घेतलेले धुळ्याच्या साक्री रोडवरचे घर दहा वर्षांनी ४५ लाखांना विकले गेले आणि महागाई दरसाल पाच टक्के राहिली, तर त्या ३० लाखांची किंमत तोपर्यंत जवळजवळ ४९ लाख झालेली असेल. गृहस्थाचे मुद्दलच झिजलेले असेल, आणि तरीही १५ लाखांच्या नाममात्र नफ्यावर त्याला १ लाख ८७ हजार ५०० रुपये भरावे लागतील. तोट्यावर कर बसविणे हे कोणत्याही न्यायाला धरून नाही. विद्यापीठात शिकावयास आलेल्या विद्यार्थ्याला, बदली होऊन आलेल्या बँक कर्मचाऱ्याला, भुसावळच्या रेल्वेतल्या तरुणाला बेताच्या भाड्यात जो दोन खोल्या देतो, त्याचे भाड्याचे उत्पन्न मुळातच तुटपुंजे असते. दहा वर्षांहून अधिक काळ भाड्याने दिलेल्या घराला तरी निर्देशांकाची सोय परत मिळाली पाहिजे.

दुसरी मागणी ब्रिग्जच्या धुळ्याने मला सुचविली. कलम ५४ ला नवे घर भारतात असले म्हणजे पुरे. त्यामुळे धुळ्यातला वाडा विकला जातो आणि त्याच्या नफ्याचे घर पुण्यात होते. जळगावच्या बळीराम पेठेतले घर विकले जाते आणि त्याचे नाशकात होते. असे ज्यांच्या नात्यात घडले नाही असे कुटुंब खानदेशात विरळा. मुले जेथे पोट भरतात तेथे आईबापांनी जावे यात गैर काही नाही, आणि नागरिकाने कोठे राहावे हे सांगण्याचा अधिकार कायद्याला असू नये. परंतु सवलत देताना पैसा कोठे जावा हे सरकार आजही ठरविते: रोख्यांचा पैसा अधिसूचित संस्थांकडेच जातो, आणि कारखान्यांना प्रोत्साहन देताना राज्य शासन तालुक्यांची मागासलेपणानुसार वर्गवारी करून कमी विकसित भागाला अधिक देते. जे तत्त्व कारखान्याला चालते ते घराला का चालू नये? ज्या जिल्ह्यातले घर विकले त्याच जिल्ह्यात नवे घर बांधून ते निदान पाच वर्षे नोंदणीकृत कराराने भाड्याने देणाऱ्याला बांधकामासाठी तीनऐवजी पाच वर्षांची मुदत द्यावी, आणि दुकान विकून असे घर बांधणाऱ्याला ५४ एफ मधील एकाहून अधिक घरे नसण्याची अट शिथिल करावी. तिजोरीचे यात फारसे जात नाही, कारण हा नफा आज पुण्यात गुंतविला तरी करमुक्तच राहतो. अशी तरतूद झाली तर गल्लीतला वाडा विकावयास मुंबईहून दोन दिवसांच्या रजेवर आलेला मुलगा, परतीची गाडी पकडण्यापूर्वी, देवपुरात भाड्याने देण्याजोगे दोन खोल्यांचे एखादे घर निदान पाहून तरी येईल.